विद्यापीठाची निवड आणि विद्यार्थिजीवनाचा समतोल : रायपूरच्या अनुभवातून एक अभ्यास

बारावीचा निकाल हाती पडल्यानंतरचे काही आठवडे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने एका मोठ्या आर्थिक निर्णयाचे असतात. घर घेणे वगळले, तर अपत्याचे उच्च शिक्षण हीच अशा कुटुंबाची बहुधा सर्वांत मोठी गुंतवणूक होय. तरीही जमिनीचा तुकडा घेताना कागदपत्रे चार ठिकाणी तपासून घेणारे पालक विद्यापीठ निवडताना मात्र रंगीत माहितीपत्रकावर आणि नातलगांच्या सांगण्यावर विसंबून राहतात. प्रवेशानंतर दुसरा प्रश्न उभा राहतो. अभ्यास किती करावा आणि मित्रमंडळी, संमेलने, निवडणुका, खेळ यांना वेळ किती द्यावा? हे दोन्ही प्रश्न वरवर वैयक्तिक वाटतात. प्रत्यक्षात माहिती, खर्च व वेळ या तीन दुर्मीळ साधनांच्या वाटपाचे ते प्रश्न आहेत, आणि म्हणूनच अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे पाहणे उपयुक्त ठरते. छत्तीसगडची राजधानी रायपूर हे शहर या अभ्यासासाठी विशेष योग्य आहे. विद्यापीठांचा तुटवडा आणि विद्यापीठांचा अनिर्बंध सुळसुळाट या दोन्ही अवस्था या शहराने अनुभवल्या आहेत.

पर्यायांचा विस्तार

रायपूरच्या चौबे कॉलोनीत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. नागपूरकर भोसल्यांच्या कारभारापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे स्थायिक होत गेली. या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला, तर विद्यापीठाची ‘निवड’ ही कल्पनाच किती अलीकडची आहे हे लक्षात येते.

हिंदी पत्रकारितेचे एक प्रवर्तक माधवराव सप्रे हे मराठी कुटुंबातील. त्यांचे माध्यमिक शिक्षण रायपुरात झाले. परंतु १८९९ मध्ये त्यांनी मिळविलेली बी.ए. ही पदवी कलकत्ता विद्यापीठाची होती. पुढील वर्षी त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ मध्ये झाली. रायपुरात छत्तीसगढ महाविद्यालय १९३८ मध्ये निघाले, ते त्या काळातील मध्य प्रांत व वऱ्हाडात. सागर विद्यापीठ १९४६ मध्ये स्थापन झाल्यावर रायपूरची महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात आणि रायपूर मध्य प्रदेशात गेले. रायपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९६४ मध्ये, पंडित रविशंकर शुक्ल यांच्या नावाने. म्हणजे तीन पिढ्यांपर्यंत प्रश्न ‘कोणते विद्यापीठ?’ असा नव्हताच. ‘विद्यापीठापर्यंत पोहोचता येईल का?’ असा होता.

आज चित्र पालटले आहे. रविशंकर शुक्ल विद्यापीठ आणि राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था या दोन्ही संस्था चौबे कॉलोनीपासून फार दूर नाहीत. तंत्रज्ञान संस्थेचे मूळ १९५६ च्या खाणकाम व धातुशास्त्र महाविद्यालयात असून तिला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा २००५ मध्ये मिळाला. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ १९८७ मध्ये, हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ २००३ मध्ये, भारतीय व्यवस्थापन संस्था २०१० मध्ये आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था २०१२ मध्ये सुरू झाली. बिलासपूरच्या गुरू घासीदास विद्यापीठाला २००९ मध्ये केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तर भिलाईची भारतीय तंत्रज्ञान संस्था २०१६ मध्ये स्थापन झाली. त्याखेरीज केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून घेण्यात येणाऱ्या सामाईक प्रवेश परीक्षेमुळे नागपूर, पुणे, दिल्ली वा हैदराबाद येथील दारेही उघडली आहेत. पर्याय वाढले, त्याबरोबर चुकीची निवड होण्याचा धोकाही वाढला.

एकशे बारा विद्यापीठांचा धडा

हा धोका किती खरा आहे, हे छत्तीसगडच्याच एका घटनेने देशाला दाखवून दिले. नोव्हेंबर २००० मध्ये राज्याची निर्मिती झाली. त्यानंतर २००२ मध्ये विधानसभेने खासगी क्षेत्रातील विद्यापीठांच्या स्थापनेसंबंधी कायदा केला. राजपत्रातील केवळ एका अधिसूचनेद्वारे विद्यापीठ स्थापन करण्याची मुभा या कायद्याने शासनाला दिली. परिणामी अल्पावधीतच ११२ खासगी विद्यापीठे कागदोपत्री अस्तित्वात आली. त्यांपैकी अनेकांना स्वतःची इमारत वा परिसर नव्हता. काहींचा कारभार एखाद्या खोलीतून चालत होता. पदवी देण्याचा अधिकार मात्र त्यांना मिळाला होता.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष व ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने ‘प्रा. यशपाल विरुद्ध छत्तीसगड राज्य’ या खटल्यात निर्णय दिला आणि कायद्यातील कलम ५ व ६ घटनाबाह्य ठरविली. त्यांच्या आधारे स्थापन झालेली विद्यापीठे त्यामुळे अस्तित्वहीन झाली.

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने या निर्णयातील घटनात्मक तर्क महत्त्वाचा आहे. विद्यापीठांची स्थापना हा विषय राज्य सूचीतील नोंद ३२ मध्ये येतो. शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीतील नोंद २५ मध्ये आला. परंतु उच्च शिक्षणसंस्थांमधील दर्जाचे समन्वयन व निश्चिती हा विषय संघ सूचीतील नोंद ६६ नुसार केवळ संसदेच्या अखत्यारीत आहे. राज्याला विद्यापीठ स्थापन करता येते. मात्र दर्जा राखण्याची केंद्रीय यंत्रणाच निष्प्रभ होईल अशा रीतीने ते करता येत नाही. अध्यापन व संशोधनाच्या कोणत्याही सोयी नसताना केवळ अधिसूचनेने विद्यापीठ निर्माण होत नाही, हा या निर्णयाचा गाभा होय.

निर्णयाची दुसरी बाजू विद्यार्थ्यांची आहे. ज्यांनी शुल्क भरले होते, काही सत्रे पूर्ण केली होती, त्यांचे काय? अशा संस्थांत प्रत्यक्ष शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे हित जपण्यासाठी त्या संस्था राज्यातील आधीच्या शासकीय विद्यापीठांना संलग्न करण्याबाबत शासनाने योग्य उपाययोजना करावी, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी राज्याने खासगी विद्यापीठांसाठी नवा कायदा केला व त्यांच्या नियमनासाठी आयोगाची तरतूद केली. म्हणूनच आज राज्यात असलेल्या खासगी विद्यापीठांना २००२ च्या मापाने मोजणे योग्य नाही. मात्र एक गोष्ट कायमची लक्षात ठेवण्यासारखी आहे. कायदा दुरुस्त करता येतो, संस्था दुसरीकडे संलग्न करता येते. पण विद्यार्थ्याच्या आयुष्यातील गेलेली वर्षे कोणत्याही आदेशाने परत मिळत नाहीत.

असममित माहितीची बाजारपेठ

असे का घडते, याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांच्या १९७० मधील निबंधात सापडते. जुन्या मोटारींच्या बाजारात गाडीची खरी अवस्था विक्रेत्याला ठाऊक असते, ग्राहकाला नसते. ग्राहक सरासरी दर्जा गृहीत धरून किंमत देऊ पाहतो. त्या किमतीत चांगल्या गाडीच्या मालकाला विकणे परवडत नाही, त्यामुळे बाजारात निकृष्ट गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. या विवेचनाबद्दल त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

शिक्षण ही याच स्वरूपाची, किंबहुना अधिक बिकट सेवा आहे. मोटार विकत घेतल्यावर काही दिवसांत तिचे दोष कळतात. विद्यापीठाचा दर्जा मात्र पदवी घेऊन नोकरी शोधू लागल्यावर, म्हणजे तीन-चार वर्षांनी कळतो. शिवाय ही खरेदी सामान्यतः आयुष्यात एकदाच होते. अनुभवाने शहाणे होऊन पुन्हा खरेदी करण्याची संधी मिळत नाही. स्पेन्स यांच्या १९७३ मधील संकेत सिद्धान्तानुसार पदवी ही मालकाला उमेदवाराच्या क्षमतेविषयी मिळणारा संकेत असते. पदवी कोणालाही सहज मिळू लागली, की हा संकेत निरर्थक होतो आणि प्रामाणिकपणे शिकलेल्या विद्यार्थ्याच्या पदवीचेही मूल्य घसरते. नियमन संस्थांची गरज या बाजार-अपयशातून निर्माण होते.

निवडीपूर्वीची तपासणी

नियमन कितीही सक्षम असले, तरी अंतिम तपासणी विद्यार्थ्यालाच करावी लागते. ती पुढील क्रमाने केल्यास वेळ वाचतो.

पहिली पायरी वैधतेची. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार केंद्रीय वा राज्य कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, कलम ३ खालील अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. कलम २३ नुसार इतरांना आपल्या नावात ‘विद्यापीठ’ हा शब्दही वापरता येत नाही. आयोग मान्य विद्यापीठांची व बनावट विद्यापीठांची सूची प्रसिद्ध करतो. विधी, वैद्यक, औषधनिर्माण, अध्यापक शिक्षण अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी संबंधित परिषदेची वा आयोगाची मान्यता स्वतंत्रपणे पाहावी लागते. विद्यापीठ मान्य असणे आणि विशिष्ट अभ्यासक्रम मान्य असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत.

दुसरी पायरी दर्जाची. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद १९९४ मध्ये बेंगळुरू येथे स्थापन झाली. शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. या क्रमवारीची रचना अध्यापन व साधनसामग्री, संशोधन, पदवीधरांची फलनिष्पत्ती, सर्वसमावेशकता आणि लोकमत या पाच निकषांवर झाली. विद्यापीठ गटात त्यांना अनुक्रमे ३०, ३०, २०, १० व १० टक्के भार देण्यात आला. म्हणजे एकूण गुणांत संशोधनाचा वाटा मोठा असतो. पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याने केवळ एकूण क्रमांक न पाहता अध्यापन व फलनिष्पत्ती या निकषांवरील गुण वेगळे पाहणे हिताचे ठरते.

तिसरी पायरी आकडे वाचण्याची. माहितीपत्रकात सर्वाधिक वेतनाचा आकडा ठळक असतो, कधी सरासरी दिलेली असते. समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वार्षिक ३ लाख आणि एकाला ३३ लाख रुपये वेतन मिळाले. सरासरी ६ लाख येते. मध्यका मात्र ३ लाखच राहते. सामान्य विद्यार्थ्याच्या वाट्याला काय येईल हे मध्यका सांगते, सरासरी नव्हे. राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्थांनी सादर केलेल्या माहितीत वेतनाची मध्यका व विहित काळात उत्तीर्ण झालेल्यांची संख्या यांचा समावेश असतो व ती माहिती सार्वजनिक असते.

चौथी पायरी प्रत्यक्ष भेटीची. सत्र चालू असताना एखाद्या साध्या दिवशी जाऊन तास होतात की नाही, ग्रंथालयात किती जण बसलेले आहेत, शिक्षकांची पदे भरलेली आहेत का, हे पाहावे. अंतिम वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलावे. २००२ नंतरच्या त्या विद्यापीठांपैकी अनेकांचे खरे स्वरूप अशा एका भेटीतही उघड झाले असते.

खर्च, संधी खर्च आणि परतफेड

थिओडोर शुल्ट्झ व गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात मानवी भांडवलाचा सिद्धान्त मांडला. शिक्षणावरील खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक आहे; त्यामुळे त्याचे मूल्यमापन भविष्यातील वाढीव उत्पन्नाशी तुलना करून करावे, हे त्याचे सूत्र होय.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चौबे कॉलोनीत घरी राहून स्थानिक शासकीय विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थिनीचा शुल्क, पुस्तके व प्रवासाचा वार्षिक खर्च २५ हजार रुपये आहे, असे समजू. दूरच्या महानगरातील खासगी संस्थेत शुल्क दीड लाख आणि वसतिगृह व भोजन १ लाख २० हजार, असा एकूण वार्षिक खर्च २ लाख ७० हजार रुपये येतो. तीन वर्षांत पहिल्या पर्यायाला ७५ हजार, तर दुसऱ्याला ८ लाख १० हजार रुपये लागतात. फरक ७ लाख ३५ हजारांचा. महानगरातील पदवीमुळे दरमहा ५ हजार रुपये, म्हणजे वर्षाला ६० हजार रुपये अधिक मिळाले, तर हा फरक भरून निघण्यास बारा वर्षांहून अधिक काळ लागेल. कर्ज काढले असल्यास व्याज वेगळे. वाढीव वेतन दरमहा १५ हजार असेल, तर तोच फरक सुमारे चार वर्षांत भरून निघतो. तेव्हा महाग संस्था सरसकट वाईट किंवा स्वस्त संस्था सरसकट चांगली असे नसते; निर्णय वाढीव खर्च व वाढीव लाभ यांच्या तुलनेवर अवलंबून असतो.

येथे संधी खर्चाची संकल्पना नीट समजून घ्यावी. तीन वर्षे शिकत असताना न मिळवलेले उत्पन्न हा शिक्षणाचा खरा खर्च असतो. परंतु समान कालावधीच्या दोन विद्यापीठांची तुलना करताना तो दोन्हीकडे सारखाच असल्याने निर्णयावर त्याचा परिणाम होत नाही. तो निर्णायक ठरतो तो वर्ष वाया जाते तेव्हा. अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला एका वर्षाचे शुल्क तर पडतेच, शिवाय नोकरीतील एका वर्षाचे उत्पन्नही गमवावे लागते. पुढे चर्चिलेल्या वेळेच्या प्रश्नाचे आर्थिक मूल्य यातून कळते.

शैक्षणिक कर्जाच्या अटीही संस्थेच्या निवडीशी जोडल्या गेल्या आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना गुणवत्तेच्या निकषावर निवडलेल्या, प्रारंभी ८६०, संस्थांमधील प्रवेशासाठी तारणाविना व जामीनदाराविना कर्जाची सोय करते. ज्यांचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होण्यापूर्वीच्या काळात ३ टक्के व्याज सवलतीची तीत तरतूद आहे. त्याचप्रमाणे २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीमुळे एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक नियमांच्या मर्यादेत दुसरीकडे नेता येतात. चुकलेली निवड दुरुस्त करण्याचा खर्च त्यामुळे कमी होतो, शून्य मात्र होत नाही.

सहाध्यायी : विद्यापीठाचे अदृश्य भांडवल

इमारत, ग्रंथालय व प्राध्यापक यांच्याइतकेच महत्त्वाचे विद्यापीठाचे साधन म्हणजे तेथील इतर विद्यार्थी. त्यांचा प्रभाव मोजणे अवघड असते, कारण अभ्यासू विद्यार्थी स्वतःहून अभ्यासू मित्रच निवडतात; कोणामुळे कोण बदलले हे ठरविता येत नाही. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना खोलीतील सोबती यदृच्छेने दिले जात. याचा आधार घेऊन ब्रूस सॅकरडोट यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की सोबत्याचा परिणाम गुणांवर आणि सामाजिक गटांत सामील होण्याच्या निर्णयावर होतो. मुख्य विषयाच्या निवडीवर मात्र तो दिसला नाही.

केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालयासंबंधीचा २००८ मधील अभ्यास आणखी बोलका आहे. ज्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला व्हिडिओ गेमचे यंत्र आणणारा सोबती आला, त्यांचा रोजचा अभ्यास अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला आणि पहिल्या सत्रातील गुणही लक्षणीय घटले. हे विद्यार्थी मुळात कमी हुशार नव्हते. त्यांच्या खोलीत एक वस्तू अधिक होती, इतकेच. आज ती वस्तू प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीत सामावली आहे.

या अभ्यासांचा अर्थ मैत्री टाळावी असा नव्हे. सामाजिक जीवन ही शिक्षणाबाहेरची गोष्ट नसून शिक्षणाचाच एक उत्पादक घटक आहे, असा तो अर्थ आहे. बस्तर किंवा सरगुजाच्या खेड्यातून रायपुरात आलेल्या, घराण्यातील पहिल्याच पदवीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे अधिकच खरे. कोणती शिष्यवृत्ती कधी जाहीर होते, अर्ज कसा भरावा, कोणत्या प्राध्यापकाकडे शंका विचाराव्यात ही माहिती शहरी कुटुंबातील मुलाला घरात मिळते. त्याला ती मित्रांकडूनच मिळते. एकटा पडलेला विद्यार्थी गुणांतही मागे पडण्याचा धोका असतो.

बांधणारे व जोडणारे संबंध

राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांनी २००० मध्ये सामाजिक भांडवलाचे दोन प्रकार विस्ताराने मांडले. आपल्यासारख्याच माणसांशी ‘बांधणारे’ संबंध आणि वेगळ्या गटांशी ‘जोडणारे’ संबंध. चौबे कॉलोनीतील महाराष्ट्र मंडळासारखी संस्था पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण आहे. परप्रांतात वाढलेल्या पिढीला गणेशोत्सवात, नाट्यप्रयोगात आपली भाषा आणि माणसे भेटतात. नागपूर वा पुण्याहून शिकण्यासाठी आलेल्या विद्यार्थ्याला अशा ठिकाणी अडीअडचणीचा आधार सापडतो. विद्यापीठाच्या उपाहारगृहात, प्रयोगशाळेत, क्रीडांगणावर छत्तीसगडी, ओडिया, बंगाली, तेलुगू सहाध्यायांशी होणारी मैत्री ही दुसऱ्या प्रकारची. पहिली संकटात सावरते. दुसरी नव्या संधींची वार्ता आणते. केवळ आपल्या भाषिकांतच राहणारा विद्यार्थी सुरक्षित राहतो पण मर्यादित होतो. आपल्या माणसांपासून पूर्णपणे तुटलेला विद्यार्थी पहिल्याच अपयशात खचू शकतो. दोन्हींचा मेळ हवा.

राष्ट्रीय सेवा योजना दुसऱ्या प्रकारच्या संबंधांचे संघटित रूप आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली. स्वयंसेवकाकडून दोन वर्षांत २४० तासांच्या नियमित सेवेची अपेक्षा असते. म्हणजे आठवड्याला सरासरी अडीच तासांहूनही कमी. इतक्या अल्प वेळात ग्रामीण वास्तवाचा जो परिचय होतो, तो विकासविषयक अभ्यासाला पुस्तकाबाहेरचा आधार देतो.

१६८ तासांचे अंदाजपत्रक

पैशाप्रमाणे वेळेचेही अंदाजपत्रक मांडता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या श्रेयांक आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांक लागतात. म्हणजे सत्राला सुमारे २०. राष्ट्रीय श्रेयांक आराखडा वर्षाला ४० श्रेयांकांसाठी १,२०० तासांचे अध्ययन गृहीत धरतो. यावरून सत्राला ६०० तास होतात. सत्र १५ आठवड्यांचे धरले, तर आठवड्याला ४० तास अध्ययन आवश्यक ठरते. यात वर्गातील तास व स्वयंअध्ययन दोन्ही येतात.

आठवड्याचे एकूण तास १६८. झोपेचे ५६ आणि जेवणखाण, स्नान, प्रवास व घरकामाचे २८ तास वजा केले, तर ८४ उरतात. अध्ययनाचे ४० वजा करता ४४ तास शिल्लक राहतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याने त्यांतील २० तास तिला दिले, तरी २४ तास, म्हणजे दिवसाला तीन तासांहून थोडे अधिक, मित्र, खेळ, कला व विश्रांतीसाठी उरतात. ‘वेळच मिळत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा एकूण वेळेच्या तुटवड्याची नसते, वाटपाची असते. मात्र जिला घरकामाचा भार उचलावा लागतो किंवा ज्याला अर्धवेळ नोकरी करावी लागते, त्यांचे शिल्लक तास खरोखरच कमी असतात. त्यांना वेळेच्या नियोजनाचा उपदेश करण्याआधी वसतिगृह, शिष्यवृत्ती व सुरक्षित वाहतूक पुरविणे अधिक न्याय्य होय.

वाटपाचा नियम समसीमांत उपयोगितेचा. गप्पांचा पहिला तास मन ताजे करतो, चौथा तास फारसे काही देत नाही. सलग अभ्यासाचा दुसरा तास फलदायी असतो, सातव्या तासात डोळे केवळ ओळींवरून फिरतात. ज्या वाटपात प्रत्येक उपयोगाच्या शेवटच्या तासाचा लाभ जवळपास सारखा होतो, ते वाटप इष्टतम. हे प्रमाण सत्रभर एकच राहत नाही. सत्राच्या आरंभी ओळखी वाढविण्यास वेळ देणे योग्य असते; परीक्षेच्या तोंडावर अभ्यासाच्या तासाचे मूल्य वाढते.

धोरणातही हा समतोल मान्य केलेला आहे. विद्यार्थी संघटनांच्या निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. उमेदवारास ७५ टक्के किंवा विद्यापीठाने ठरविलेली किमान उपस्थिती, निवडणुकीच्या वर्षात विषय अनुत्तीर्ण राहिलेला नसणे, ५ हजार रुपयांची खर्चमर्यादा आणि पदाधिकारीपदासाठी एकच संधी, या अटी त्यात आहेत. निवडणूक नाकारलेली नाही, तिला अभ्यासाच्या चौकटीत बसविले आहे. दुसरीकडे, सामाजिक जीवनाच्या नावाखाली होणाऱ्या छळाला २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांनी प्रतिबंध केला. प्रा. यशपाल यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये शालेय शिक्षणातील ओझ्यावर बोट ठेवले होते. शिकण्याचा आनंद आणि शिक्षणाचा दर्जा यांना त्यांनी परस्परविरोधी मानले नाही.

समारोप

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि सकल नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी नवी विद्यापीठे निघतील, निघायलाही हवीत. परंतु संख्या वाढविण्याच्या घाईत दर्जा सुटला की काय होते, हे छत्तीसगडने दाखवून दिले आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करण्याची कोठारी आयोगाची (१९६४-६६) शिफारस त्यामुळेच पुन्हा पुन्हा स्मरावी लागते.

विद्यार्थ्यापुरते बोलायचे, तर विद्यापीठ निवडणे म्हणजे केवळ पदवी निवडणे नव्हे. तीन-चार वर्षांचे सोबती, सवयी आणि वेळ खर्च करण्याची रीत निवडणे होय. १८९९ मधील विद्यार्थ्यापुढे असे पर्याय नव्हते आणि २००२ मधील विद्यार्थ्याला खरी माहिती मिळत नव्हती. आजच्या विद्यार्थ्याला दोन्ही उपलब्ध आहेत. प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी एक दिवस तपासणीसाठी आणि प्रवेशानंतर आठवड्यातील एक तास स्वतःच्या वेळेचा हिशोब मांडण्यासाठी दिला, तर त्या दोन्ही गुंतवणुकींचा परतावा आयुष्यभर मिळत राहील.

सरावासाठी प्रश्न

१. ‘प्रा. यशपाल विरुद्ध छत्तीसगड राज्य’ (२००५) या निर्णयाच्या आधारे उच्च शिक्षणातील केंद्र-राज्य अधिकारविभागणी स्पष्ट करा.

२. असममित माहितीमुळे उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात बाजार-अपयश कसे निर्माण होते? त्यावरील उपाय सांगा.

३. मानवी भांडवल व सामाजिक भांडवल यांतील फरक व परस्परसंबंध विद्यार्थिजीवनातील उदाहरणांसह विशद करा.

४. ‘सरासरी वेतनापेक्षा वेतनाची मध्यका अधिक मार्गदर्शक असते.’ उदाहरण देऊन चर्चा करा.